न गेलेल्या जहाजाची पेटी

जोव्हेलिन

...आणि म्हणून पेटी आडवी ठेवायची नाही, असं तिया कोर्सिंगने, म्हणजे जोव्हेलिनच्या आत्याने, पुन्हा एकदा बजावलं.

"लोशनच्या बाटल्या आहेत आत. एक जरी गळली तरी सगळ्या चॉकलेटांना गुलाबाचा वास."

"तिया, पेटी उभी ठेवली तर मी गुडघे कुठे ठेवू?" जोव्हेलिन म्हणाली.

"चर्चमध्ये टेकतेस का कधी? नाही ना? मग तुला गुडघे लागतातच कशाला?"

पुढच्या सीटवर बसलेली नानाय, जोव्हेलिनची आई, हसली नाही. तिच्या मांडीवर भांडं होतं. काळ्या तुरीत कच्चा फणस आणि डुकराचं मांस घालून केलेली आंबट आमटी. प्रत्येक वळणावर ती भांड्याला दोन्ही हातांनी अशी धरायची, जशी गेल्या वर्षी नोनोयला धरायची. तेव्हा तो निसटला होता. आमटी निसटू देणार नव्हती.

भाड्याची गाडी डोंगर चढत होती. खाली इलोइलोची सामुद्रधुनी उन्हात चमकत होती आणि तिच्यात, या घरातल्या पुरुषांना जन्मभर बोलावत आलेली जहाजं उभी होती.

पेटी पुठ्ठ्याची, कमरेएवढी. गुंबान घरातला कोणीही बोटीवरून परतला की त्याच्यामागे अशी पेटी घरात यायची. डबाबंद मांस, कॉफी, चॉकलेट, साबण, आणि आळीतल्या प्रत्येक बाईसाठी लोशन. ही पेटी मात्र कुठल्याही समुद्रावरून आलेली नव्हती. मॉलमधून आली होती. किमतीची लेबलं जोव्हेलिनने नेलपॉलिश काढायच्या औषधाने एकेक करून घासून काढली होती. तिची बोटं अजून पांढरी पडलेली होती. पेटीवर जाड काळ्या पेनाने तियाने लिहिलं होतं: जेसरेल गुंबान. आणि खाली, शाळेत फळ्यावर लिहायची तशा वळणदार अक्षरात: रॉटरडॅम.

जेसरेल म्हणजे नोनोय. जोव्हेलिनचा धाकटा भाऊ. ज्या दिवशी त्याला डोंगरावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं, त्याच दिवशी तिया घरोघर सांगत सुटली की त्याला बोट मिळाली. शेजाऱ्यांना सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, आणि लोलोला सांगितलं. लोलो बादो, तियाचे वडील, सगळ्यांचे आजोबा. जन्म जहाजाच्या डेकवर गेलेला माणूस. आज त्यांचा ऐंशीवा वाढदिवस.

"समजा त्यांनी आज सोडलंच नाही तर?" नानाय पुढून म्हणाली. वळून न बघता.

"सोडतील. दोन दिवसांची घरभेट आहे, फाशी माफ करायची नाहीये. आपण नीट बोललो की झालं."

"तिया," जोव्हेलिन म्हणाली, "आज नीट बोलायचं नाहीये. आज गप्प बसायचंय. केंद्राचं पत्र वाचलंस ना?"

"वाचलं. शिक्षिका होते मी. मला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय."

तो जन्माला आलेला होता, आणि बाई होता, आणि फाटकापाशी उभा होता.


नोनोय

कांदा कापताना रडलं तर कोणी विचारत नाही, म्हणून आज त्याने कांदा मागून घेतला.

तसा तो आता स्वयंपाकघराचा प्रमुख होता. प्रमुखाने कांदा कापायचा नसतो. इथे आल्यावर पहिल्यांदा भांडी घासायची, मग भाजी निवडायची, मग चुलीपाशी, आणि खूप दिवस खरं बोललास तर प्रमुख. खोटं सापडलं की पुन्हा भांडी. नोनोय एकदा वर चढून पुन्हा भांड्यांवर आला होता. चोरून सिगारेट ओढली आणि मी नाही म्हणाला. सिगारेटीची शिक्षा लहान होती. 'मी नाही'ची मोठी.

कोपऱ्यातल्या बाकावर नवा आलेला माणूस बसल्या बसल्या झोपला होता. पहिले दिवस सगळे असेच. नशेच्या खड्यांचा धूर वर्षानुवर्षं झोप खाऊन टाकतो, मग शरीर ती एकदम परत मागतं. झोप झाली की भूक. नोनोय त्या दिवसांत भाताच्या टोपापुढे लाज सोडून बसायचा. भूक भागली की खरा त्रास. तेव्हा डोकं जागं होतं, आणि आपण काय केलं ते त्याला आठवायला लागतं.

"भाऊ," नवा माणूस एक डोळा उघडून म्हणाला, "आज तुझे लोक येणार ना? भीती वाटते का?"

"त्यांची नाही. पेल्याची."

"कसल्या पेल्याची?"

गेल्या आठवड्यात गटात प्रत्येकाला विचारलं होतं: बाहेर गेल्यावर कुठला दिवस धोक्याचा? एकाने पगाराचा दिवस सांगितला. एकाने जुन्या मित्राचं नाव घेतलं. नोनोय म्हणाला, "आजोबांचा वाढदिवस." सगळे हसले. तो हसला नाही.

कारण लोलोच्या अंगणात दुपारी पुरुष गोल करून बसणार. रमची बाटली एक, पेला एक, ओतणारा एक. पेला गोल फिरतो, ज्याच्याकडे येतो त्याने रिकामा करून परत द्यायचा. नको म्हणणं म्हणजे ओतणाऱ्याकडे पाठ फिरवणं. ओतणारा लोलो. आणि बोटीवरून आलेला नातू लोलोच्या उजव्या हाताला बसतो. पहिला पेला त्याचा.

केंद्रातला मुलगा पेला नाकारू शकतो. बोटीवरून आलेला मुलगा नाकारू शकत नाही. त्याच्याकडे कारणच नसतं.

"मला दारूचं व्यसन नव्हतंच," त्याने सुरुवातीला केंद्र सांभाळणाऱ्या मॅम फेलींना सांगितलं होतं. "मला ती चालते."

"हो का?" मॅम फेली म्हणाल्या होत्या. त्या बुटक्या, गोल, आणि कधीकाळी याच बाकावर बसल्या बसल्या झोपलेल्या. "पहिल्यांदा खडे ओढलेस तेव्हा शुद्धीत होतास?"

"नाही. दोन बाटल्या बिअर..."

"पुढे बोल."




खोली, आणि कंस

खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीकडे तीन बायका, दुसरीकडे नोनोय, मध्ये मॅम फेली.

"किती जाड झालास रे!" नानाय म्हणाली आणि रडायला लागली. त्याने तिचा हात घेऊन कपाळाला लावला, मग तियाचा.

"गोरापान झालाय," तिया जोव्हेलिनच्या कानात म्हणाली. "खलाशी असा मुळ्यासारखा दिसतो का? इंजिनखोलीत होता म्हणावं लागेल. तिथे ऊन येत नाही."

"आता नियम," मॅम फेली म्हणाल्या. "हा बोलेल. तुम्ही ऐकायचं. उत्तर नाही, समजूत नाही. रडू आलं तर रडा, पण रडता रडता सल्ला देऊ नका. त्याचं एक वाक्य संपलं की फक्त म्हणायचं, 'ऐकलं'."

"एवढंच?" तिया म्हणाली.

"एवढंच. बहुतेकांना तेवढंच जमत नाही."

पुढे जे बोललं गेलं ते खाली आहे. जे बोललं गेलं नाही ते कंसात.

नोनोय: नानाय, तू रात्री माझ्या खोलीला बाहेरून कडी लावायचीस. मी खिडकीतून जायचो. तुला खिडकीचं माहीत होतं.

नानाय: ऐकलं.

(माहीत होतं. म्हणून खिडकीखाली चपला ठेवायचे. अनवाणी जाऊ नये.)

नोनोय: मानांग जोव्हेलिन, तुझ्या लग्नाला मी आजारी होतो असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी चर्चच्या बाहेर गाडीत होतो. आत येण्यासारखा नव्हतो.

जोव्हेलिन: ऐकलं.

(दिसला होतास. फोटोवाल्याला मीच सांगितलं, त्या बाजूचे फोटो नकोत. अल्बममध्ये चर्चची एक बाजू नाहीच.)

नोनोय: लोलोची पितळी दुर्बीण दुरुस्तीला दिलेली नाही. मी विकली.

तिया: अरे पण ती तर...

मॅम फेली: तिया.

तिया: ऐकलं.

(कपाट रिकामं दिसलं तेव्हा दुरुस्तीचं मीच ठोकून दिलं. वाटलं, पोराने कुठे तरी ठेवली असेल, सापडेल. म्हातारा दर आठवड्याला विचारतो, कोर्सिंग, भिंग बसवलं का त्यांनी?)

नोनोय: तिया, तू मला जहाजावर पाठवलंस. मला राग नाही आला. बरं वाटलं. तेच वाईट होतं. तो जहाजावरचा मुलगा माझ्यापेक्षा चांगला आहे. लोलोला रोज सकाळी मेसेज करतो. मला त्याचा हेवा वाटतो. मी घरी आलो की तो मरेल, आणि सगळ्यांना त्याचीच आठवण येईल.

तिया: (      )

मॅम फेली: तिया?

तिया: (      )

तिया: ऐकलं.


"घरी कोणाला माहीत नाही?" मॅम फेलींनी नंतर विचारलं. आता बोलायची परवानगी होती.

"लोलोंना," जोव्हेलिन म्हणाली. "आणि गावाला."

"ऐंशी वर्षांचं हृदय आहे," तियाला वाचा फुटली. "आज नको. पुढच्या महिन्यात सांगू हळूच. एवीतेवी तो बरा झालाच आहे."

"बरा झालेला नाही. बरा होतोय. पुढची किती तरी वर्षं होत राहणार आहे. इथून सुटला तरी दर आठवड्याला यायचं, तपासणी द्यायची, गटात बसायचं. एखादेवेळी घसरेलही. घसरला तर सगळं फुकट गेलं असं म्हणायचं नाही, त्याच दिवशी मला फोन करायचा. आणि घरात एक थेंब दारू नाही. बिअरसुद्धा नाही. आज घरी काय आहे?"

तिन्ही बायकांनी खाली बघितलं. घरी रमचं खोकं होतं.

"मी नाही म्हणू शकते," मॅम फेली म्हणाल्या. "पण मग ते माझं ठरवणं झालं. नोनोय, तू सांग."

"मी जाणार. आणि लोलोला सांगणार."

"केक कापेपर्यंत तरी गप्प राहा!" तिया म्हणाली.

नोनोयने विचार केला. "पेला माझ्याकडे येईपर्यंत गप्प राहतो."

तियाला वाटलं, सौदा जमला. फक्त जोव्हेलिनचा हात भावाच्या हाताकडे गेला.


मर्लिंडा

परतीच्या वाटेवर मर्लिंडाने, म्हणजे नानायने, मागची जागा घेतली. मुलगा आणि भांडं दोन्ही एका बाजूला. भांडं आता रिकामं होतं. स्वयंपाकघरातल्या त्या झोपाळू माणसाने शेवटचा फणस मिटल्या डोळ्यांनी खाल्ला होता.

पुढून तियाची शाळा सुरू होती.

"जहाजाचं नाव?"

"तिया, जाऊ दे ना."

"शेजारचा पिदिंग विचारणार. तो जहाजावर आचारी होता, त्याला सगळं कळतं. नाव सांग."

"तूच ठेवलंयस. तुलाच माहीत."

"नॉर्दर्न ग्रेस. काय वाहायचं?"

"तिया, काय वाहायचं?" जोव्हेलिनने विचारलं. "मलाही उत्सुकता आहे."

"गहू. नाही, गहू नको, पिदिंग विचारेल कुठला गहू. मोटारी. मोटारी वाहायचं."

"इतक्या मोटारींतून एकही आणली नाही पोराने," जोव्हेलिन म्हणाली. "लोशन आणलं."

मर्लिंडाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, त्यामुळे आधी खोकल्यासारखं आलं. ही तिची नणंद. नवरा समुद्रात गेला तेव्हापासून घर हिच्याच आवाजावर चाललं होतं. प्रेताविना केलेल्या त्याच्या अंत्यविधीतसुद्धा हीच पुढे होती. हिने ठरवायचं, मर्लिंडाने मान डोलवायची. जहाजाच्या बाबतीतही डोलवली होती. उलट मनात म्हणाली होती, बरं झालं, आता आळीतून मान वर करून जाता येईल.

नोनोय खिडकीबाहेर बघत होता. उसाची शेतं जात होती. त्याच्या अंगठ्याला कांद्याचा वास येत होता.

"आणि पगार? पिदिंग पगार नक्की..."

"कोर्सिंग," मर्लिंडा म्हणाली.

"काय?"

"पुरे."

ड्रायव्हरनेसुद्धा आरशात बघितलं. नणंदेला 'पुरे' म्हणायची ही मर्लिंडाची पहिली वेळ होती, आणि शब्द तोंडातून निघाल्यावर आकाश कोसळलं नाही, याचं तिला मोठं नवल वाटलं.

"खिडकीखाली चपला मीच ठेवायचे," ती मुलाला म्हणाली.

"माहीत आहे नानाय. मी त्याच घालून जायचो."


कोर्सिंग

वडिलांना अंगण भरलेलं दिसावं म्हणून कोर्सिंगने आठवडाभर आधीपासून आमंत्रणं केली होती. आता तेच अंगण तिला नको झालं. अख्खी आळी आली होती. भाजलेलं डुक्कर केळीच्या पानांवर चकाकत होतं, माइक हातात घेऊन कोणी तरी बेसूर गात होतं, आणि पेटी व्हरांड्यात मधोमध, नवरदेवासारखी.

लोलो बादोने नातवाचे खांदे धरले, मग दंड, मग पोट.

"इंजिनखोलीत खायला चांगलं देतात वाटतं."

"चांगलं देतात लोलो," नोनोय म्हणाला. निदान ते खोटं नव्हतं.

म्हातारा पेटीकडे गेला. दोरीवर बोट फिरवलं. "ही गाठ कोणी मारली?"

"विमानतळावर मारतात बाबा," कोर्सिंग घाईने म्हणाली. गाठ तिने स्वतः मारली होती, वाण्याच्या पुड्याला मारतात तशी.

"लाज आणली," लोलो म्हणाले आणि गोलात जाऊन बसले.

बायका गोलात बसत नाहीत. कोर्सिंग टेबलापाशी उभी राहून भात वाढत होती आणि एक कान तिकडे होता. केक अजून कापायचा होता. सौदा केकचा झाला होता ना? की पेल्याचा? ती आठवत राहिली, आणि तेवढ्यात लोलोने बाटली उघडून पहिला घोट रीतीप्रमाणे जमिनीवर सांडला, पेला भरला, आणि उजवीकडे धरला.

"नॉर्दर्न ग्रेसच्या नावाने," लोलो म्हणाले.

नोनोयने पेला घेतला.

"रॉटरडॅमला पाऊस होता का रे?" पिदिंगने विचारलं.

"मला माहीत नाही नोंग पिदिंग. मी तिथे गेलेलो नाही." त्याने पेला खाली ठेवला, लोलोच्या पुढ्यात. "लोलो, मला हा घेता येत नाही. मी बोटीवर नव्हतो. मी डोंगरावरच्या केंद्रात आहे. खडे ओढायचो. उद्या संध्याकाळी परत जायचंय."

माइकवाला गायचा थांबला. त्याच्यामागे संगीत एकटंच वाजत राहिलं.

"जहाज नाही?" लोलो म्हणाले.

"नाही."

"मोटारी?"

"नाहीत लोलो."

"मग मला रोज सकाळी 'समुद्र शांत आहे' असं लिहायचं कोण?"

अख्खं अंगण एकाच दिशेने बघायला लागलं, आणि त्या दिशेला हातात भाताचा डाव घेऊन कोर्सिंग उभी होती.

इथून पुढे तिने काय केलं ते तिला नीट आठवत नाही, दुसऱ्यांनी सांगितलेलं आठवतं. ती गोलात शिरली. आयुष्यात चर्चच्या द्राक्षरसापलीकडे काही न प्यायलेली बाई. तिने मुलासारख्या वाढवलेल्या भाच्याच्या पुढचा पेला उचलला.

"याचा पेला माझा," ती म्हणाली. "जहाज माझं होतं. मीच बांधलं, मीच चालवलं." आणि एका दमात रिकामा केला.

मग ती इतकी खोकली की पिदिंगला तिच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. त्या निमित्ताने त्याने जरा जास्तच मारल्या, असं ती अजून म्हणते.

"कोर्सिंग," लोलो म्हणाले, तिचं खोकणं संपल्यावर, "तुला समुद्रातलं काही कळत नाही. हिवाळ्यात तिकडचा समुद्र शांत नसतो. मला वाटायचं, म्हाताऱ्याला काळजी नको म्हणून पोरगं खोटं लिहितं. मला कौतुक वाटायचं."

कोणी तरी हसलं. हसू पसरणार, तेवढ्यात नोनोय म्हणाला, "आणि दुर्बीण मी विकली लोलो. दुरुस्तीला दिलेली नाही. परत मिळायची नाही. मी विचारून आलो होतो."

हसू जिथल्या तिथे थांबलं.

ती दुर्बीण लोलोला पहिल्या जहाजाच्या कप्तानाने दिलेली होती. तिच्यातूनच त्यांनी मुलाचं जहाज शेवटचं जाताना बघितलं होतं.

लोलो उठले. आत गेले. आतून पाण्याचा आवाज आला, बराच वेळ. कोर्सिंगच्या डोक्यात रम, भीती आणि प्रार्थना एकत्र फिरत होत्या. नानाय नोनोयच्या मागे येऊन उभी राहिली. पुरुषांच्या गोलात आता दोन बायका होत्या आणि कोणालाही ते खटकलं नाही.

लोलो ओल्या तोंडाने परत आले.

"हल्ली तिच्यातून मला काही दिसत नव्हतंच," ते म्हणाले. "डोळ्यापुढे पितळ, एवढंच." मग बसले. "तरी पण विकायची नव्हतीस."

"हो लोलो."

"विकायची नव्हतीस."

"ऐकलं," नोनोय म्हणाला.

लोलोने रिकामा पेला उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला. पेला पालथा झाला की गोल संपला, मग बाटलीत कितीही उरलेली असो.

"ऐंशी वर्षं वाट बघितली माणसाने," पिदिंग कळवळून म्हणाला, "आणि एक पेला! तोही कोर्सिंगच्या पोटात!"

"शहाळी फोडा," लोलो म्हणाले. "आणि तू इकडे सरक. तिथे उठवतात केव्हा?"

"उजाडायच्या आत. अंथरुणं ताणून घालायची, मग सगळे एकत्र बसायचं. ज्याने चूक केली त्याने उभं राहून सांगायची."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. कोणावर राग आला तर तिथल्या तिथे ओरडायचं नाही. चिठ्ठी टाकायची, मग दुपारी खुर्चीवर बसून बोलायचं."

"आणि स्वयंपाक?" पिदिंगने विचारलं.

"सध्या माझ्याकडे आहे."

"किती माणसांचा? चूल कसली? भात खाली लागतो का?"

"हे तर जहाजच झालं," गोलातलं कोणी तरी म्हणालं. "बादो, पोरगा जहाजावरच होता की!"

कोर्सिंगच्या डोळ्यांत एकदम आशा आली. "मी तेच तर..."

"नाही तिया," नोनोय म्हणाला. "जहाजाचा करार संपतो, मग माणूस उतरतो. याचा संपत नाही."

लोलोने मान हलवली, हळू, हवामान ऐकल्यासारखी.

मग कोर्सिंगने माइक मागून घेतला. तिने काय गायलं ते कोणालाही ओळखता आलं नाही. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. नोनोय कोपऱ्यात बसून शहाळं पीत होता आणि जोव्हेलिन पेटी उघडून सरळ सांगत सुटली होती, "हे लोशन मॉलमधलं. हेही मॉलमधलं. अहो घ्या, वास तोच येतो."


लोलो बादो

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा व्हरांड्यात जमिनीवर बसून पेटी पुन्हा भरत होता. लोशन संपलं होतं. डबाबंद मांस, कॉफी आणि थोडी चॉकलेटं उरली होती. ती डोंगरावर न्यायची ठरली होती, झोपाळू माणसासाठी आणि बाकीच्यांसाठी.

"अत्तराची बाटली काढ लोलो," नोनोय म्हणाला. "आणि तोंड धुवायचं ते निळं औषधही. फाटकावर काढून घेतात. त्यात दारू असते, लोक पितात."

"हे पितात?" लोलोने निळी बाटली उजेडात धरली. "कोर्सिंगची रम त्यापेक्षा बरी होती."

आतून तियाचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय! डोकं दुखतंय, कान शाबूत आहेत."

सामुद्रधुनीत एक मोठं जहाज चाललं होतं. लोलोचा हात सवयीने बाजूला गेला, जिथे दुर्बीण असायची. तिथे काही नव्हतं. हात तिथेच थोडा वेळ राहिला. नोनोयने ते बघितलं आणि नजर वळवली नाही. हेही केंद्रातच शिकवलं असावं.

"कुठल्या देशाचं आहे रे ते? मला निशाण दिसत नाही."

"लाल आणि पांढरं. मध्ये काय आहे ते कळत नाही."

"एवढं पुरे." लोलोने पेटीवरचं 'रॉटरडॅम' जाड पेनाने खोडलं. जेसरेल गुंबान तेवढं ठेवलं. मग दोरी घेतली. बोटं वाकडी झाली होती, पण दोरी हातात आल्यावर ती सरळ असल्यासारखी चालायला लागली. एक वेढा, दुसरा, खालून वर, आणि ओढून घट्ट. नोनोयला कुठून कुठे गेली ते कळलंच नाही.

नानाय आमटीचं भांडं घेऊन गाडीपाशी उभी होती. जोव्हेलिन हॉर्न वाजवत होती.

"तुझ्या त्या फेलीबाईंना सांग," लोलो गाठीवर बोट ठेवून म्हणाले, "ही त्यांना सुटायची नाही. कापू नका म्हणावं, दोरी चांगली आहे. मला बोलवा."

नोनोय पेटीकडे बघत राहिला, मग म्हाताऱ्याकडे.

"रविवारी बोलावतात लोलो. पण तिथे घरच्यांनी बोलायचं नसतं. आम्ही बोलायचं, तुम्ही नुसतं ऐकायचं."

लोलोने विचार केला. जहाज बेटाआड गेलं.

"गाठ सोडताना," ते म्हणाले, "मी तसाही बोलत नाही."